सुरू करू?

दत्तमंदिर चौकात, औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
डॉक्टर निकहत कोकणी
माझ्या खांद्यावर दोन चिकट चौकोन लावतात,
दोन कोपराखाली.
चौकोन गार. वायरी बारीक,
एक लाल, एक काळी.
मी सवयीनं विचारतो, अर्थिंग कुठंय?
त्या हसतात. काका, आत नऊ व्होल्टची बॅटरी आहे,
ट्रान्झिस्टरला असायची ना, तसली.

तसली मी लहानपणी जिभेला लावलेली आहे,
एकलहऱ्याच्या कॉलनीत, पैजेवर.
आंबट लागते वीज.
पुढं चौतीस वर्षं तिची चव घ्यायची नाही
एवढ्याचाच पगार मिळाला.
उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं:
हात लावायचाच तर उलटा लाव.
तळवा लावलास तर मूठ मिटते,
आणि मिटली की ती तुझी राहत नाही.

"मुंग्या आल्या की सांगा," डॉक्टर म्हणतात
आणि बटण फिरवतात, एकेक काटा.
मुंग्या!
अकरा केव्हीत मुंग्या येत नाहीत, बाई.

आल्या. आधी एक, मग रांग,
साखरेच्या डब्याचा पत्ता लागल्यासारखी
मानेकडून दंडाकडे.
दिवाळीपासून जिथं कुणी खिळा ठोकत होतं
तिथं आता नुसती टकटक.
दुखणं गेलं म्हणत नाही मी. आहे.
पण मध्ये मध्ये बोलत नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी थोडं वाढवलं.
टेबलावर माझा हात पालथा,
मानेतली नस दबल्यापासून लुळं पडलेलं मधलं बोट,
आणि ते उचललं गेलं.
मी उचललं नव्हतं.
पडलं. पुन्हा उचललं गेलं,
दर चार सेकंदांनी,
वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखं.
"तुम्हीपण जोर लावा काका, त्याच्याबरोबर."

मला घाम फुटला.

चेहेडीच्या पंपाजवळ, सत्त्याण्णवचा मे.
सुकदेव गांगुर्डेची मूठ आम्ही तिघांनी उघडली,
एकेक बोट,
खांबाखाली, उन्हात.
मुठीत काही नव्हतं,
तरी उघडत नव्हती.
सबस्टेशनच्या फोनवर कुणीतरी म्हणालं होतं, क्लिअर आहे.
चौकशीत तीनदा विचारलं, कोण म्हणालं.
फोन जुना, खरखर फार.
आवाज कुणाचा ते ठरलं नाही.
फीडरच्या हँडलपाशी मी होतो.
ऐकलं तेच ऐकलं, असं मी सही करून दिलं.

"दुखतंय का?" त्यांनी मशीन थांबवलं.
नाही म्हटलं.
मग का कोण जाणे, सगळं सांगितलं.
पलीकडच्या खाटेवर गुडघा शेकणाऱ्या बाईंचा टायमर वाजला,
त्या उठल्या नाहीत.
डॉक्टरही काही बोलल्या नाहीत.
चौकोनाची एक कड सुटली होती,
ती अंगठ्यानं दाबून बसवली.

परवा मध्येच लाइट गेली.
पंखा थांबला, खाली मेडिकलवाल्याचं फ्रिज गप्प झालं
आणि माझ्या मुंग्या चालूच.
खिडकीसमोरच्या खांबावर एक पोरगा चढला,
पिवळं हेल्मेट, पट्टा नीट बांधलेला.
तो खाली उतरेपर्यंत
मी नजर काढली नाही.
बोट टेबलावर त्याच्या लयीत वर-खाली होत राहिलं,
त्यातलं किती मशीनचं, किती माझं, आता कळत नाही.

रोज साडेपाचला जातो.
सगळं लावून झालं की त्या बटणावर हात ठेवून थांबतात,
माझ्याकडे बघतात.
"सुरू करू?"

मी वायरी बघतो. टेबल बघतो.
मध्ये कुणाचा हात नाही ना,
दोनदा बघतो.
मग म्हणतो, मोठ्यानं, खरखर नसलेल्या आवाजात,
करा.